सोनं, ऊद आणि गंधरस: ख्रिस्ती परंपरेत धूप आणि मौल्यवान भेटींना इतकं महत्त्व का?

नाताळ जवळ आला की व्हॉट्सॲपवर गव्हाणीची चित्रं फिरू लागतात. गव्हाणीत बाळ येशू, बाजूला मेंढपाळ आणि उंटांवरून आलेले तीन राजे. राजांच्या हातात तीन भेटी असतात: सोनं, ऊद आणि गंधरस.

सोनं समजण्यासारखं आहे. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊद कशासाठी? आणि गंधरस म्हणजे नेमकं काय?

शहापूर किंवा मुरबाडच्या वाचकाला यातली एकही वस्तू अनोळखी नाही. संध्याकाळी धुपाटण्यातला धूप घरभर फिरवणं, दर्ग्यात लोबान जाळणं, गणपतीपुढे धूप-दीप करणं हे सगळं आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. तरीही ख्रिस्ती प्रार्थनेत अगरबत्ती किंवा आरती दिसली की सोशल मीडियावर प्रश्न सुरू होतात: 'हे यांचं आहे की आपलं?' या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षं मागे जातं, आणि त्यातला एक धागा आपल्या नाणेघाटापाशीही पोहोचतो.

थोडक्यात सांगायचं तर

• सोनं म्हणजे राजेपण, ऊद म्हणजे देवत्व आणि गंधरस म्हणजे मृत्यू, असा तीन भेटींचा पारंपरिक अर्थ आहे.
• धुपाचा धूर वर जातो, तशी प्रार्थना देवाकडे जाते, हा धूप जाळण्यामागचा मुख्य अर्थ.
• सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी मात्र धूप जाळायला नकार दिला होता. त्यासाठी काहींनी जीवही गमावला.
• भारतातल्या कॅथलिक चर्चला उपासनेत धूप-आरतीची भारतीय पद्धत वापरण्याची मुभा १९६९ मध्ये मिळाली. बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये धूप वापरत नाहीत.

बायबलमध्ये काय लिहिलं आहे?

ही गोष्ट फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात येते. पूर्वेकडून काही 'मागी' एका ताऱ्याचा माग काढत आले, त्यांनी बाळाला नमन केलं आणि आपल्या थैल्या सोडून सोनं, ऊद व गंधरस अर्पण केलं, एवढंच तिथे आहे.

ते तिघे होते असं मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन, असा हिशेब पुढे रूढ झाला. ते राजे होते असंही मूळ मजकुरात नाही. 'मागी' हा शब्द इराणातल्या ज्योतिष जाणणाऱ्या पुरोहितांसाठी वापरला जाई. जुन्या करारातल्या ७२व्या स्तोत्रात राजे भेटी घेऊन येतील असं म्हटलं आहे आणि यशयाच्या ६०व्या अध्यायात उंटांवरून सोनं आणि ऊद येण्याचा उल्लेख आहे. त्या वचनांशी सांगड घालत मागींचे राजे झाले.

गास्पर, मेल्किओर आणि बाल्थाझार ही नावंही नंतरची. इटलीतल्या राव्हेन्ना शहरात सहाव्या शतकातल्या एका चर्चच्या भिंतीवर ही नावं दिसतात. मध्ययुगीन युरोपात गास्पर हा भारताचा राजा समजला जाई. हे नाव वायव्य भारतातल्या गोंदोफर्नेस राजाच्या नावावरून आलं असावं, असं काही अभ्यासक मानतात.

ऊद, लोबान, धूप, बोळ: नावांचा गोंधळ

खरी गंमत इथे आहे. मराठी बायबलमध्ये 'ऊद' असा शब्द असला, तरी आपल्याकडे बाजारात ऊद म्हणून मिळतो तो पदार्थ बहुतेक वेळा वेगळा असतो.

बायबलमधला ऊद म्हणजे बोस्वेलिया जातीच्या झाडाचा वाळलेला चीक. ही झाडं ओमानचा धोफार प्रांत, येमेन आणि सोमालिया इथल्या रुक्ष डोंगरांत वाढतात. खोडाला चीर दिली की पांढरट चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. याच झाडाची भारतीय बहीण म्हणजे साळई. सातपुड्यातल्या आणि विदर्भातल्या जंगलांत ती आढळते आणि तिचा डिंक धुपात वापरला जातो.

आपल्याकडे ऊद किंवा लोबान म्हणून विकला जाणारा पदार्थ पुष्कळदा सुमात्रा भागातल्या वेगळ्याच झाडाची राळ असते. त्यात अरबी भाषेत 'ऊद' म्हणजे अगरचं लाकूड. म्हणजे एक शब्द आणि तीन पदार्थ.

गंधरस म्हणजे तर आपला हिराबोळ. काष्ठौषधीच्या दुकानात तो आजही मिळतो आणि बाळंतिणीच्या घरगुती औषधांत त्याचा वापर जुना आहे. ज्या झाडापासून गुग्गुळ मिळतो, त्याच्याच जातकुळीतलं हे झाड. चव अतिशय कडू, वास मात्र गोड आणि जड. कडू आणि सुवासिक, हे दोन्ही गुण त्याच्या धार्मिक अर्थात उतरले आहेत.

तीन भेटी, तीन अर्थ

मत्तयने भेटींचा अर्थ सांगितलेला नाही. तो पुढच्या पिढ्यांनी लावला. दुसऱ्या शतकाच्या शेवटी लियोनचे बिशप इरेनियस यांनी तो स्पष्टपणे मांडला, आणि तोच आजवर चालत आला आहे.

सोनं: राजाला द्यायची भेट. हे बाळ राजा आहे, अशी ही कबुली.

ऊद: देवापुढे जाळायची वस्तू. यरुशलेमच्या मंदिरात सकाळ-संध्याकाळ धूप जाळला जाई. निर्गमच्या ३०व्या अध्यायात त्या धुपाची कृतीच दिली आहे: तीन सुगंधी द्रव्यं आणि शुद्ध ऊद, सगळं समभाग. हे मिश्रण कुणी स्वतःच्या हौसेसाठी बनवू नये अशी सक्त ताकीदही आहे. म्हणून बाळाला ऊद देणं म्हणजे त्याचं देवत्व मान्य करणं.

गंधरस: मृताच्या अंगाला लावायचं द्रव्य. जन्माच्या वेळीच मरणाची खूण. येशूच्या आयुष्याच्या शेवटी हा गंधरस पुन्हा येतो. क्रुसावर चढवताना त्याला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला. तो त्याने घेतला नाही, असं मार्क सांगतो. दफनाच्या वेळी निकदेम नावाचा माणूस गंधरस आणि अगर यांचं मिश्रण घेऊन आला. योहानाने दिलेलं त्याचं वजन आजच्या हिशेबाने साधारण ३३ किलो होतं. एवढं सुगंधी द्रव्य राजाच्या अंत्यविधीलाच शोभावं.

म्हणजे पाळण्यापासून कबरीपर्यंतची सगळी गोष्ट या तीन भेटींत बांधलेली आहे. चित्रात त्या नुसत्या शोभेच्या वाटतात, पण श्रद्धावंतांसाठी ते तीन वाक्यांचं विश्वासवचन आहे.

नाणेघाट आणि सुगंधाचा व्यापार

येशूच्या काळात ऊद आणि गंधरस अरबस्तानातून उंटांवरून आणि जहाजांतून दूरवर जात. रोमन लेखक प्लिनी यांनी पहिल्या शतकात उदाचे भाव लिहून ठेवले आहेत: उत्तम प्रतीचा ऊद रत्तलाला ६ दिनार, मध्यम ५ आणि हलका ३. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. भारत, चीन आणि अरबस्तानातून येणाऱ्या चैनीच्या मालापायी रोमचा पैसा बाहेर जातो, अशी त्यांची तक्रारही आहे.

या व्यापारात भारत दोन्ही बाजूंनी होता. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सिंधूच्या मुखावरच्या बंदरात ऊद आयात होत असल्याची नोंद आहे. तिथून आणि भडोचहून जटामांसी आणि गुग्गुळ बाहेर जात. याच ग्रंथात सोपारा आणि कल्याण ही बंदरं येतात, आणि घाटमाथ्यावरची पैठण आणि तेर ही मोठी बाजारपेठही.

कल्याण बंदरातून घाटावर जायची जुनी वाट आजच्या मुरबाड तालुक्यातून जाते. वैशाखरे गावाजवळून चढणारा नाणेघाट जुन्नरला नेतो आणि पुढे पैठणला. उत्तरेला शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याचा थळघाट नाशिकची वाट उघडतो. समुद्रापलीकडच्या मालाचं जग आणि दख्खन यांना जोडणाऱ्या या वाटा होत्या. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, असं परंपरेने सांगितलं जातं.

त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे. येशूच्या जन्माआधीच्या शतकातला. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी कोरलेली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. देवापुढे मौल्यवान वस्तू ठेवणं आणि ते नोंदवून ठेवणं ही कुठल्या एका धर्माची मिरास नव्हती. बेथलेहेमच्या गोष्टीतला धूप आणि दक्षिणा नाणेघाटातल्या वाटसरूला लगेच कळली असती.

ज्यांनी चिमूटभर ऊद जाळला नाही

इतका मान असूनही पहिली तीनेक शतकं ख्रिस्ती उपासनेत धुपाला जागा नव्हती. कारण राजकीय होतं.

रोमन साम्राज्यात देवांच्या आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर ऊद जाळणं ही निष्ठेची परीक्षा होती. इसवी सन ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी, म्हणजे वर आलेल्या प्लिनीचा भाचा, आजच्या तुर्कस्तानात प्रांताधिकारी होता. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना आपण सम्राटाच्या मूर्तीपुढे ऊद आणि द्राक्षारस अर्पण करायला लावतो, असं त्याने सम्राट ट्राजानला कळवलं. तसं करणारा सुटे, ठाम नकार देणाऱ्याला मृत्युदंड होई.

पुढे २५० च्या सुमारास सम्राट डेसियसच्या हुकमाने सगळ्यांना असं अर्पण करून दाखला घ्यावा लागला. तसे काही दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. भीतीपोटी ज्या ख्रिस्ती लोकांनी ऊद जाळला, त्यांच्यासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्दच तयार झाला. छळ थांबल्यावर त्यांना मंडळीत परत घ्यायचं की नाही, यावर मोठा वाद झाला.

चौथ्या शतकात छळ संपला, सम्राटच ख्रिस्ती झाला आणि उदाचा जुना अर्थ मागे पडला. एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने ३८० नंतरच्या काही वर्षांत यरुशलेमचा प्रवास केला. तिथल्या कबरीच्या चर्चमध्ये रविवारी पहाटे धूपदाण्या आत आणल्या जातात आणि सगळं मंदिर सुवासाने भरून जातं, असं ती सांगते. जो धूप नाकारून लोक मेले, तोच धूप दोन-तीन पिढ्यांत उपासनेत आला. वस्तू तीच होती. ती कुणापुढे आणि का जाळायची, हे बदललं होतं.

चर्चमध्ये धूप कसा वापरतात?

कॅथलिक चर्चमध्ये साखळ्यांना टांगलेली धातूची धूपदाणी असते. आत पेटता कोळसा, आणि ऊद ठेवायला होडीच्या आकाराचं लहान भांडं. धर्मगुरू चमच्याने कोळशावर ऊद घालतात, हाताने क्रुसाची खूण करतात आणि धूपदाणी हलवतात.

मोठ्या सणाच्या मिस्सामध्ये सुरुवातीला क्रूस आणि वेदी, मग शुभवर्तमानाचं पुस्तक, मग भाकर आणि द्राक्षारस यांना धूप दाखवतात. त्यानंतर धर्मगुरूंना आणि शेवटी जमलेल्या सगळ्या लोकांना. ही शेवटची कृती महत्त्वाची. माणूसही पवित्र आहे, असा तिचा अर्थ.

अंत्यविधीत शवपेटीला धूप दाखवतात तोही याच कारणाने. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, या शिकवणीला धरून मृतदेहाचा तो मान असतो. ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीत उदाचे पाच दाणे बसवतात. ते येशूच्या पाच जखमांची खूण.

धूर आणि प्रार्थना यांचं नातं बायबलमध्येच आहे. १४१व्या स्तोत्रात आपली प्रार्थना धुपासारखी देवापुढे जावी अशी विनवणी आहे. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात धुपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असा अर्थ सरळच सांगितला आहे.

ऑर्थोडॉक्स आणि सीरियन परंपरेत धूप याहून जास्त दिसतो. केरळमधून महाराष्ट्रात आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांच्या कुर्बान्यात, म्हणजे मिस्सामध्ये, धुपाला ठळक स्थान आहे.

अगरबत्ती आणि आरती: यांचं की आपलं?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) प्रत्येक देशाच्या संस्कृतीला उपासनेत जागा देण्याचा विचार पुढे आला. भारतातल्या बिशपांनी केलेल्या विनंतीवर व्हॅटिकनने एप्रिल १९६९ मध्ये बारा बदलांना मान्यता दिली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, जमिनीवर बसून उपासना, हात जोडून नमस्कार, मुठीचं साधं धुपाटणं, आणि फुलं, धूप व दिवा यांची आरती हे त्यांत होतं. हे बदल सक्तीचे नव्हते; स्थानिक बिशपांनी आपापल्या ठिकाणी ठरवायचं होतं.

यावर चर्चच्या आतही टीका झाली. काहींना हे ख्रिस्ती परंपरेपासून दूर जाणं वाटलं, तर चर्चबाहेरच्या काहींना हिंदू चिन्हांची उचल. व्हिडिओंखाली आज दिसणारे शेरे त्याच दोन बाजूंचे असतात. पण वर पाहिलं तसं, ऊद ख्रिस्ती उपासनेत सोळाशे वर्षांहून जास्त काळ आहे, आणि यहुदी मंदिरात त्याआधीपासून. १९६९ मध्ये नवं आलं ते धुपाटणं आणि आरतीची रीत, धूप नाही. हा फरक लक्षात घेतला तर वाद बराचसा निवळतो.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या प्रोटेस्टंट परंपरेत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मात्र धूप सहसा दिसत नाही. येशूच्या बलिदानानंतर मंदिरातल्या अर्पणविधींची गरज उरली नाही आणि प्रार्थनेला वस्तूचा आधार लागत नाही, ही त्यांची भूमिका. म्हणून 'ख्रिस्ती लोक धूप लावतात का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

गोव्यातले तीन राजे

मागींच्या भेटीचा सण ६ जानेवारीला येतो. गोव्यात बार्देशमधल्या रेइश मागुश गावाचं नावच या तीन राजांवरून पडलं आहे. तिथलं चर्च १५५५ मधलं. सणाला तिथे तीन मुलं राजांच्या वेशात निघतात. कासावली, आरोशी आणि कुएली या दक्षिण गोव्यातल्या गावांत प्रत्येक गावातून एक असे तीन बालराजे निवडले जातात आणि ते कुएलीच्या टेकडीवरच्या कपेलापर्यंत जातात. चांदोरलाही हा सण होतो.

एवढी महाग भेट गरिबांना का नाही दिली?

हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल, आणि तो बायबलमध्येच विचारलेला आहे. योहानाच्या १२व्या अध्यायात बेथानीची मरीया येशूच्या पायांना जटामांसीचं महागडं तेल लावते. ही जटामांसी हिमालयातली, म्हणजे भारतीय उपखंडातूनच गेलेली. हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असं यहूदा विचारतो. तीनशे दिनार म्हणजे मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. ती आपल्या दफनाची तयारी करते आहे, असं सांगून येशू मरीयेची बाजू घेतो. यहूदाला गरिबांची काळजी नव्हती, थैलीतले पैसे तोच चोरायचा, अशी पुस्तीही योहान जोडतो.

पण हीच परंपरा दुसऱ्या बाजूलाही तितक्याच ठामपणे बोलते. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो की अन्याय करणाऱ्यांच्या धुपाचा आपल्याला वीट आला आहे. आधी अनाथांना आणि विधवांना न्याय द्या. मार्कच्या १२व्या अध्यायात श्रीमंतांच्या मोठ्या दानापेक्षा विधवेची दोन छोटी नाणी मोठी ठरतात, कारण तिने होतं ते सगळं दिलं. चौथ्या शतकातले संत योहान क्रिसोस्तोम यांनी तर विचारलं होतं की वेदीवर सोन्याचे प्याले ठेवायचे आणि दाराशी भुकेला माणूस उभा असेल तर त्याचा उपयोग काय.

म्हणजे भेटीची किंमत बाजारभावावर ठरत नाही. ज्या घरात पावसाळ्यापर्यंत धान्य पुरवताना ओढाताण होते, तिथून आलेली मूठभर तांदळाची भेट राजाच्या सोन्याहून हलकी नाही, हे या परंपरेचंच सांगणं आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती घरात अगरबत्ती लावलेली चालते का?
कॅथलिक घरांत येशूच्या किंवा मरीयेच्या तसबिरीपुढे ती लावलेली दिसते. प्रोटेस्टंट घरांत सहसा नाही.

ख्रिस्ती शेजाऱ्याच्या अंत्यविधीला अगरबत्ती किंवा धूप न्यावा का?
आधी घरच्यांना विचारावं. फुलं किंवा हार सहसा सगळीकडे चालतात.

धूप लावला नाही तर प्रार्थना अपुरी राहते का?
नाही. कॅथलिक मिस्सामध्येही धूप ऐच्छिक आहे. रोजच्या साध्या मिस्सात तो बहुधा नसतोच.

चर्चमधला धूप कशाचा असतो?
बहुतेक वेळा उदाचे खडे किंवा उदात इतर राळ मिसळून केलेलं मिश्रण. भारतात साळईचा डिंक आणि इतर स्थानिक राळही वापरता येते.